स्ट्राँग क्राफ्ट बिअर काही वर्षं तळघरात ठेवली तर चवीत काय फरक पडतो?

सगळ्यात आधी उतरतो हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, वास. ताजेपणीची लिंबूवर्गी, फुलांची झाक काही महिन्यांतच विरते, मग कडवटपणाही हळूहळू बोथट होतो. म्हणूनच आयपीए (भरपूर हॉप्सची बिअर) कितीही स्ट्राँग असली तरी ती ताजीच प्यावी, असं माझं ठाम मत आहे.

खरी गंमत बार्लीवाइन आणि इम्पीरियल स्टाउट या खूप स्ट्राँग प्रकारच्या बिअरमध्ये. ८-१० टक्क्यांच्या वरचं अल्कोहोल नव्या बाटलीत घशाला जाळतं. वर्ष-दोन वर्षांत ती धार बरीच मवाळ वाटू लागते. बाटलीत थोडा ऑक्सिजन असतोच, आणि त्याच्या संथ क्रियेतून मनुका, खजूर, टॉफी, शेरी (एक स्पॅनिश वाइन) अशा चवी वर येतात. भरपूर माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) असलेल्या गडद बिअरला हे फार शोभतं. फिकट, हलक्या बिअरमध्ये मात्र तोच ऑक्सिजन ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आणतो. बाटलीत जिवंत यीस्ट असेल तर ते थोडा ऑक्सिजन शोषून घेतं, पण फार वर्षांनी मेलेल्या यीस्टमुळे सोया सॉससारखी खारट छटा येऊ शकते.

इंग्लंडमध्ये १९६८ साली आलेली थॉमस हार्डीज एल ही स्ट्राँग बिअर तर २५ वर्षं टिकेल असं सांगूनच विकली जायची! पण बहुतेक बाटल्यांना दोन ते पाच वर्षं पुरतात. १०-१३ अंश सेल्सिअस, अंधार, बाटली उभी. शक्य असेल तर एकाच बॅचच्या दोन-तीन बाटल्या घ्या आणि दरवर्षी एक उघडा.