कायदा पाठ आहे, पण वाचता येत नाही

यावल तालुक्यातली एक तडवी (मुस्लिम भिल्ल) आई सात वर्षांच्या मुलाला घेऊन जळगावला माझ्याकडे आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत दुसरीत आणि संध्याकाळी मकतबमध्ये, म्हणजे मुलांच्या धार्मिक वर्गात, अरबी कायदा (अक्षरओळखीचं पहिलं पुस्तक) शिकणारा. घरी कायदा उघडला की त्याचं पोट दुखायचं, तहान लागायची, शेवटी रडू यायचं. "मले त्यातलं एक अक्षर येत नाही, मंग मी घरी काय घेऊ त्याचं?" हे तिचं पहिलं दुःख. दुसरी काळजी शेजारणीने मनात भरवलेली: दोन लिप्यांच्या ओढाताणीत पोराची मराठीही बिघडेल.

मी आधी त्याला दुसरीचं मराठी पुस्तक वाचायला दिलं. जोडाक्षरांसकट नीट वाचलं त्याने. दुसरी काळजी तिथेच मिटली. दोन लिप्या सोबत शिकल्याने मूल बिघडत नाही. चिन्हाला आवाज असतो हे एकीकडे उमगलं की तेच शहाणपण दुसरीकडे कामी येतं.

मग कायदा काढला. कालचा सबक, म्हणजे धडा, त्याने घडाघडा म्हटला. मी कोऱ्या कागदाने ओळ झाकली, मधलं एकच अक्षर उघडं ठेवलं, आणि तो गप्प झाला. बोट ओळीवरून फिरत होतं, पण सगळं काम कानाचं होतं. पान ऐकून पाठ झालेलं. नवं पान आलं की धरायला काहीच नसे, आणि रडू तिथून येई. आईला तो आळस वाटला होता. एकदा हात उगारला गेला, हे तिने स्वतःच सांगितलं.

अरबीत अक्षरं 28, पण शब्दात सुरुवातीला, मध्ये, शेवटी त्यांचं रूप बदलतं. बे, ते, से यांचं अंग एकच, फरक फक्त नुक्त्यांचा, म्हणजे ठिपक्यांचा. सुटी अक्षरं ओळखणारं मूल जोडलेल्या शब्दात हरवतं ते यामुळे. मी त्याला म्हटलं, "पुस्तक शब्दात स आपला काना सोडून त ला चिकटतो ना? तसंच अरबी अक्षर शेजाऱ्याला चिकटताना शेपूट सोडतं." त्याने मान वर करून पाहिलं. जबर, जेर, पेश या अ, इ, उ च्या स्वरखुणांचंही तसंच. क ला वेलांटी दिली की कि, उकार दिला की कु. तिकडे तेच काम जेर आणि पेश करतात. हे त्याला आधीपासून येतच होतं, फक्त दोन्हींची गाठ कुणी घालून दिली नव्हती.

पहिला शब्द 'कलम' घेतला. क़ाफ, लाम, मीम, पहिल्या दोन्हींवर जबर. अर्थ त्याला ठाऊक, शब्द लहान. अर्थ कळणारा शब्द हाती लागला की मूल पुढचा मागतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आईला सांगितलं, रोज दहाच मिनिटं, जेवणाआधी. पुठ्ठ्याची अक्षरं कापा, शब्द जोडा आणि मोडा. ओळीच्या उजव्या टोकाला लाल ठिपका द्या, सुरुवात तिथून. तुम्ही परीक्षा घेऊ नका, त्याच्याकडून शिका. उच्चार मात्र मकतबमधल्या हाफिजजींकडेच राहू द्या. ऐन या अक्षरासारखे आवाज मराठीत नाहीत, ते घशातून कसे काढायचे हे उस्तादच दाखवू शकतात. हाफिजजींशीही बोलून घ्या, म्हटलं. ती बोलली, आणि त्यांनी नवं पान थोडं सावकाश द्यायचं कबूल केलं. (आठ वर्षांचं मूल दोन्ही लिप्यांत सारखंच अडखळत असेल, तर वाचनाच्या अडचणीची तपासणी जरूर करून घ्या.)

तीन आठवड्यांनी तिघं आले: आई, मुलगा आणि केळीच्या बागेतून थेट आलेले आजोबा. मी त्याने कधी न पाहिलेला शब्द कागदावर दिला. त्याने उजवीकडे बोट ठेवलं. "व... ल... द. वलद." मी म्हटलं, म्हणजे मुलगा.

आजोबा पुढे सरकले. "अरे, आपल्या जुन्या सातबाऱ्यावर आहे हे! माझ्या नावापुढे वल्द, मग माझ्या बापाचं नाव." नातवाने कागद त्यांच्यासमोर धरला आणि वाववर बोट ठेवून त्यांना पहिलं अक्षर शिकवायला लागला.