रोज चार-पाच लिटर पाणी प्यावंच लागतं का?

नाही. आणि कृपा करून आईच्या मागं लागू नका.

तुम्ही लिहिलंय की आई दिवसाला जेमतेम दीड लिटर पाणी पिते, वय 68, बीपीची गोळी चालू आहे, तिला चार-पाच लिटर प्यायला लावू का. हे वाचून मला राहवेना, कारण आमच्या घरात हेच झालं.

माझं माहेर जांबोटीकडचं, खानापूर तालुक्यातलं. भाऊ अथणी भागात साखर कारखान्यात कामाला. तिथलं एप्रिल-मेचं ऊन आणि बॉयलरजवळची ड्युटी, त्याला पाच लिटर लागतं आणि ते बरोबरच आहे. पण तोच हिशोब त्यानं आईला लावला. दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्या आणून दिल्या आणि रोज संध्याकाळी फोन, "आई, दोन्ही संपवलीस नव्हे?" आणि हे कधी, तर ऐन जुलैत! आमच्याकडं तेव्हा आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आई दिवसभर चुलीपाशी. घाम नावाला नाही. त्यात तिलाही बीपीची गोळी चालू, मीठ कमी केलेलं, रात्री नुसती पेज.

तिसऱ्या आठवड्यात तिला मळमळायला लागलं, डोकं दुखायला लागलं. भाऊ म्हणाला, अंगात पाणी कमी पडलंय, अजून पी. मी म्हटलं, दवाखान्यात नेऊया. "पाणी पिऊन कुणाचं वाईट झालंय काय?" हे त्याचं वाक्य मी विसरले नाही. दोन दिवसांनी सकाळी तिनं मला मावशीच्या नावानं हाक मारली. मावशी जाऊन नऊ वर्षं झाली होती.

बेळगावला नेलं. रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातलं मुख्य द्रव्य, जादा पाण्यानं पातळ होऊन 114 वर आलेलं. ते 135 ते 145 असायला पाहिजे. डॉक्टरांनी सगळं विचारलं आणि पहिल्यांदा तिच्या उशाची बाटलीच उचलून बाजूला ठेवली. "नीरु कडिमे कुडीरी," म्हणजे पाणी कमी प्या. सोडियम एकदम वाढवलं तर मेंदूला इजा होते, म्हणून हळूहळू वाढवत पाच दिवस ठेवून घेतलं. चौथ्या दिवशी तिनं मला माझ्या नावानं हाक मारली.

आता तुमचं उत्तर. साधारण बाईला दिवसाला दोन लिटर, पुरुषाला अडीच, आणि हे सगळं मिळून. भात, आमटी, ताक, चहा, फळं यांतलं पाणी त्यातच धरायचं. 1945 साली अमेरिकेच्या पोषण मंडळानं अडीच लिटरचा आकडा दिला, तेव्हाच पुढं लिहिलं होतं की यातलं बरंचसं जेवणातूनच मिळतं. ती ओळ कुणी सांगत नाही. तुमची आई दीड लिटर पाणी पिते, जेवणखाण नीट आहे, लघवी फिकट पिवळी होते, तर तिला सुखानं राहू द्या. सकाळी उठून सलग चार तांबे पिण्यात तर काहीच अर्थ नाही. धडधाकट माणसाची मूत्रपिंडंसुद्धा तासाला लिटरभरच पाणी बाहेर टाकतात, म्हातारपणी त्याहून कमी.

  

उलटंही सांगायला पाहिजे. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते, उन्हाळ्यात त्यांना आठवण करावीच लागते. मुतखडा होऊन गेलेल्यांनी जास्त प्यावं. हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं असेल तर माप डॉक्टरच ठरवतील. जुलाब होत असतील तर नुसतं पाणी नको, लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचाच अर्धा चमचा मीठ. आणि तुमच्या आईची गोळी लघवी वाढवणारी आहे का, ते या आठवड्यातच डॉक्टरांना विचारा. गोळी मनानं बंद मात्र करू नका.

भाऊ अजून म्हणतो, आमच्या आईचं ते बीपीच्या गोळीमुळं झालं, नाहीतर डॉक्टरांनी गोळी का बदलली? बदलली, कारण लघवी वाढवणाऱ्या त्या जातीच्या गोळीनं शरीरातलं मीठ जातं आणि जादाचं पाणी बाहेर टाकायला जड जातं. पण दादा, गोळी सहा वर्षं चालू होती. बाटल्या तीन आठवड्यांपूर्वी आल्या होत्या.