घरात खेळणी नाहीत, बाळ मागे पडेल का?

प्रश्न : माझा मुलगा १४ महिन्यांचा आहे. आम्ही दोघंही रोजंदारीवर जातो, तो दिवसभर सासूबाईंजवळ असतो. त्या थकल्यात, लिहिता-वाचता येत नाही. तो रडला की मोबाइलवर गाणी लावून देतात. शेजारच्या बाळाकडे ठोकळे, चित्रांची पुस्तकं आहेत. आमच्याकडे काहीच नाही. रात्री माझ्यात बोलायचंही त्राण नसतं. तो मागे पडेल का? – एक आई

उत्तर : खेळण्यांची काळजी आधी सोडा. १४ महिन्यांच्या बाळाला रिकामा डबा आणि त्याचं झाकण दिलं, तर त्याचा अर्धा तास मजेत जातो. झाकण उलटं बसवून बघेल, आपटेल, चाखेल, मग तुमच्याकडे बघेल. ते बघणं महत्त्वाचं. त्या क्षणी कुणी ‘अरे, वाजलं की!’ म्हणालं, तर त्याचा धडा झाला.

हे मी मनाचं सांगत नाही. जमैकातल्या किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये सॅली ग्रॅन्थम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब घरांतली, वाढ खुंटलेली १२९ मुलं घेतली; वय ९ ते २४ महिने. काहींना पूरक आहार दिला, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका पाठवली, काहींना दोन्ही आणि काहींना यातलं काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. सेविकेजवळ टाकाऊ वस्तूंची खेळणी असत. ती बाळाला शिकवत बसत नसे. बाळाशी कसं खेळायचं ते आईला दाखवी आणि खेळणी पुढच्या भेटीपर्यंत तिथेच ठेवून जाई. पुढे ही मुलं २२ वर्षांची झाली, तेव्हा ज्यांच्या घरी सेविका गेली होती त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. नुसत्या आहाराचा असा टिकाऊ फायदा दिसला नाही. (म्हणून आहारात हयगय चालेल, असा अर्थ कृपया काढू नका.)

तेव्हा सासूबाईंना अक्षरओळख नाही याने काही अडत नाही. कामं करता करता त्यांनी तोंड चालू ठेवावं : हे बघ, बादली भरली, आता तुझं झबलं धुऊ. तो ‘बा’ म्हणाला की ‘बादली? हो, बादली’ म्हणावं आणि मग थांबावं. हे थांबणंच आपल्याला जमत नाही. लहान मुलाला उत्तर जुळवायला वेळ लागतो. आपण मधेच दुसरं काही बोलतो आणि त्याची पाळी हुकते.

मोबाइल मात्र हळूहळू बंद करा. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी एक बाई समोर बसून चिनी भाषेत बोलली, तेव्हा ती बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. तेच व्हिडिओवर दाखवलं, तर काही शिकली नाहीत. सासूबाईंना दोष देऊ नका, त्यांनाही घटकाभर पाठ टेकायची असते. त्या वेळेसाठी शेजारीपाजारी कुणी मिळतं का बघा.

आता तुमचं. वेगळा वेळ काढायच्या भानगडीत पडू नका. त्याचे कपडे बदलता, झोपवता, तेवढ्यात बोललात तरी पुष्कळ. पण हा नुसता थकवा नसेल, दोन-दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना सांगा. आईला हात देणं हीसुद्धा बाळाचीच देखभाल असते.

हाक मारल्यावर तो वळत नसेल किंवा येत असलेले शब्द, हातवारे विसरला असेल, तर मात्र वाट बघू नका, कानांपासून तपासणी करून घ्या.

प्रश्न : मुलगी २० महिन्यांची आहे. जवळच्या पाळणाघरात या वयातच अक्षरं गिरवून घेतात. फी जड जाते, तरी घालू का? – एक बाबा

उत्तर : अक्षरांसाठी असेल तर मुळीच नको. सांभाळायला कुणी नाही म्हणून घालायचं असेल, तर फळ्याकडे बघू नका, माणसं मोजा. अमेरिकेत गरीब कुटुंबांतल्या तीन वर्षांखालच्या मुलांसाठी १९९५ पासून ‘अर्ली हेड स्टार्ट’ ही सरकारी योजना आहे. तिथे चार मुलांमागे एक शिक्षिका लागते. इतकं सगळीकडे मिळणार नाही. पण सांभाळणाऱ्या बाई दर महिन्याला बदलतात का, रडणाऱ्या मुलाला कुणी उचलून घेतं का, हे दारात उभं राहूनही कळतं. आत डोकावू देत नसतील, तर दुसरं पाळणाघर शोधा.