पेटुनियाचा नवा वाण काढायचाय तर

अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आणि फोटो मिळाले. एफ-१ (दोन ठरलेल्या वाणांच्या संकराची पहिली पिढी) बियाण्याच्या वाफ्यात जांभळ्या फुलाला पांढरी कड असलेलं एकच रोप निघालं, त्याचा वाण नोंदवता येईल का, असं विचारलं आहेस. सध्या तुझ्याकडे फक्त एक झाड आहे. तेच रूप शंभर कुंड्यांत, दोन हंगामांत आणि दुसऱ्याच्या हातूनही आलं, आणि बाजारातल्या जवळच्या वाणापेक्षा ते नेमकं कुठे वेगळं हे कागदावर दाखवता आलं, की मग वाणाचं बोलू.

या आठवड्यात एकच काम कर. फूल-कळी नसलेल्या कोवळ्या शेंड्यांच्या ३-४ सेंमीच्या दहा-बारा काड्या घे, खालची पानं काढ आणि ओलसर कोकोपीट-परलाइटमध्ये लाव. सावलीत, दमट हवेत दोन-तीन आठवड्यांत मुळ्या धरतात. मूळ झाड एप्रिलच्या उन्हात गेलं तर हातात काहीच उरणार नाही.

पाकळीवरचा पांढरेपणा विषाणूमुळेही येतो हे लक्षात ठेव. पानं चट्टेरी किंवा वाकडी असतील, प्रत्येक फुलावर पांढरा भाग वेगळ्या जागी नि वेडावाकडा येत असेल, तर ते झाड कितीही देखणं असलं तरी उपटून जाळ. तंबाखूचा मोझॅक विषाणू पेटुनियाला सहज लागतो आणि तो हाताने पसरतो. नर्सरीत तळहातावर तंबाखू मळून तोच हात रोपांना लावणारे कमी नसतात. काड्या काढण्याआधी साबणाने हात धुवायचे, आणि ब्लेड प्रत्येक झाडागणिक २० टक्के दूध पावडरच्या पाण्यात बुडवायचं. स्पिरिटवर विसंबू नकोस, या विषाणूला ते पुरत नाही.

कड सगळ्या फुलांवर सारखी येत असेल तरी हुरळून जाऊ नकोस. अशी नक्षी बहुधा रंग बनवणारं एक जनुक पाकळीच्या त्या पट्ट्यात गप्प केलं गेल्याने उमटते, आणि त्यावर तापमान-उजेडाचा परिणाम होतो. डिसेंबरात ठसठशीत असलेली कड मार्चमध्ये बदलू शकते. दर पंधरवड्याला नुकत्याच उमललेल्या दहा फुलांवर कडेची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून लिही. हे आकडे सरळ राहिले तर पुढे जायचं. मला विचारशील तर पहिल्याच वाणाला नक्षीच्या नादी लागू नये. आपल्याकडे मार्चच्या उन्हात टिकणारं, पाणी पडलं तरी फूल न लोळणारं, लहान फुलांचं दाट झाड हवं आहे. ते एकरंगी असलं तरी चालेल.

असं झाड संकरातून काढता येतं, म्हणून आता संकराकडे येऊ. मादी म्हणून निवडलेल्या झाडावर उद्या उमलेल अशी कळी घ्यायची, रंग भरलेली पण मिटलेली. टोकदार चिमट्याने पाकळ्यांची नळी उभी चिरली की आत पाच पुंकेसर दिसतात. दोन उंच, दोन मध्यम आणि एक बुटका. नवख्यांच्या हातून हा बुटका राहतो, तो रात्रीत फुटतो आणि संकर म्हणून जपलेलं बी स्वपरागित निघतं. पुंकेसरांचे दांडे पाकळीच्या नळीला आतून चिकटलेले असतात, म्हणून चिरलेली नळी बुडापासून अलगद ओढली की पाचही एकदम निघून येतात. तरी मोजायचेच. पाकळ्या गेल्या की मधमाश्याही फारशा येत नाहीत. मधे एकटी परागवाहिनी, म्हणजे कुक्षीचा दांडा, उरते. तिच्या टोकाची हिरवी, दोन पाळ्यांची कुक्षी ओली चकाकत असेल तर लगेच, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी नराचा ताजा फुटलेला परागकोश तिच्यावर घासायचा. पराग नीट बसला की कुक्षीचा हिरवा रंग झाकला जातो. मग बटर पेपरची टोपी आणि देठाला चिठ्ठी: मादी × नर, तारीख. चिठ्ठी पेन्सिलने लिही, शाई पाण्याने जाते. नर बदलला की चिमटा स्पिरिटने पुसायचा, इथे मात्र स्पिरिट चालतं, पराग मरतो.

तीन-चार आठवड्यांत बोंड टोकाकडून तपकिरी होतं. फुटायच्या आत काढून कागदी पाकिटात वाळव. बी खसखशीपेक्षाही बारीक, ग्रॅमला दहा हजारांच्या आसपास, त्यामुळे बोंड फुटलं की ते सापडत नाही. वाळलेलं बी सिलिका जेलसह हवाबंद डबीत, फ्रिजमध्ये ठेव.

दुसऱ्या पिढीसाठी झाड स्वतःच्याच परागाने बी धरायला हवं, आणि इथे बरेच जण अडकतात. रानटी पेटुनिया बहुधा स्वतःचा पराग नाकारते. परागवाहिनीतली विकरं (एन्झाइम) त्या परागनळीची वाढ थांबवतात. बागेतल्या वाणांत हा स्वभाव कुठे शाबूत आहे, कुठे सैल झालाय. उमललेल्या फुलांवर स्वपराग टाकून बोंडं गळत असतील, तर उमलायला दोन-तीन दिवस असलेली कळी उघड आणि त्याच झाडाच्या उमललेल्या फुलाचा पराग तिच्या कुक्षीला लाव. कच्च्या कळीत ती विकरं पुरेशी साठलेली नसतात, त्यामुळे पराग निभावून जातो. कळी नाजूक असते, म्हणून एका झाडावर वीसेक कळ्या धर.

रोपं किती लावायची याचा हिशेब साधा आहे. पहिल्या पिढीत हवा तो गुण दिसला नाही म्हणून ती फेकू नकोस, दबलेला गुण दुसऱ्या पिढीत वर येतो. दोन दबलेले गुण एकाच झाडात हवे असतील तर १६ त एक झाड तसं निघतं, आणि ते सापडण्याची ९५ टक्के खात्री हवी तर ४७ रोपं लागतात. तीन गुण असतील तर ६४ त एक, म्हणजे १९१ रोपं. वीस-पंचवीस रोपांवर निवड केली तर दैवावर सोडल्यासारखंच आहे.

मोठ्या फुलांच्या, म्हणजे ग्रँडिफ्लोरा जातीच्या वाटेला जाताना एक खोड माहीत असू दे. मोठं फूल देणारं जनुक प्रभावी आहे, म्हणजे एका पालकाकडून आलं तरी गुण दिसतो, पण ते दोन्ही पालकांकडून दुहेरी आलं की झाड किडकिडीत होतं किंवा रोपातच मरतं. म्हणून मोठं फूल बियाण्याने पक्कं होत नाही, दर पिढीला लहान फुलांची झाडं निघतातच. कंपन्या ते एफ-१ म्हणून विकतात ते यामुळे. शिवाय १० सेंमीचं फूल एका पावसात कागदासारखं चिकटतं. ५-७ सेंमीची मल्टिफ्लोरा त्याच पावसानंतर दुसऱ्या दिवशी उभी असते. दुहेरी पाकळ्यांच्या फुलाचं तसंच काहीसं आहे. तो गुणही प्रभावी, पण अशा फुलाचा अंडाशय बहुधा बिघडलेला असतो. त्याला नर म्हणूनच वापर.

नारिंगी पेटुनियाचा मोह टाळ. पेटुनियाचं विकर नारिंगी रंगाच्या कच्च्या मालावर नीट काम करत नाही. १९८७ साली जर्मनीत मक्याचं जनुक घालून असं झाड केलं गेलं, आणि २०१७ मध्ये फिनलंडमध्ये बाजारातल्या नारिंगी पेटुनिया तपासल्यावर तेच जनुक त्यांत सापडलं. मग अनेक देशांत ती झाडं परत घ्यावी लागली. असं कुणाकडून आलेलं झाड पालक म्हणून वापरलंस तर तुझी सगळी संतती जनुकबदल पिकांच्या नियमांत अडकेल.

पेरणीचं थोडक्यात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी कोरड्या बारीक वाळूत मिसळून कोकोपीटवर टाक आणि वरून झाकू नकोस, त्याला उजेड लागतो. २२-२४ अंशांत आठवडाभरात उगवतं. या दिवसांत झारी नको, फवारा वापर. पुढे कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या तर खताची कमतरता समजून युरिया मारू नकोस. बोअरच्या क्षारपड पाण्याने माध्यमाचा सामू (पीएच) चढला की लोह मिळत नाही. सामू ५.५ ते ६.२ मध्ये आण आणि चिलेटेड (झाडाला घेता येईल अशा रूपातलं) लोह दे.

नोंदणीच्या अर्जातल्या वर्णनाला लोक शेवटी बसतात, तिथेच अर्ज फसतात. दुसऱ्या पिढीत पहिलं चांगलं झाड दिसलं की त्याच दिवशी वही उघड. 'गडद जांभळा, आकर्षक' असल्या शब्दांनी वाण ओळखता येत नाही. रंग आरएचएसच्या (ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या) रंगपत्रिकेवर जुळवून पत्ती क्रमांक आणि अक्षर लिहायचं. फूल त्याच दिवशी पूर्ण उमललेलं, वेळ दुपारची, जागा उत्तरेकडच्या खिडकीजवळ, थेट ऊन नको. पाकळीचा वरचा भाग, खालचा भाग, नळीचा आतला रंग, शिरा उठून दिसतात का, या चार नोंदी वेगळ्या. परागाचा रंगही लिही, तो निळसर की पिवळसर यावरून सारखे दिसणारे दोन वाण सुटे होतात. मोबाइलच्या फोटोवर जांभळ्याचा भरवसा धरू नकोस, तो कधी निळा तर कधी गुलाबी येतो. फोटोत मोजपट्टी आणि रंग ताडायचं करडं कार्ड ठेव. मग झाडाची उंची नि पसारा, ताठ की लोंबतं, पानाची लांबी-रुंदी, फुलाचा व्यास, कडेची घडी. प्रत्येक माप निदान दहा झाडांवर घे आणि सरासरीबरोबर सगळ्यात लहान-मोठं मापही नोंद.

परदेशी वाणाच्या छापील वर्णनाशी आपली मापं ताडून पाहू नकोस. पेटुनिया लांब दिवसांत लवकर फुलते. पुण्याच्या डिसेंबरातल्या अकरा तासांच्या दिवसात तेच झाड उशिरा फुलतं आणि त्याची ठेवणच वेगळी होते. जवळचे दोन वाण आणून त्याच वाफ्यात, त्याच दिवशी लाव. काडीपासून वाढवलेल्या वाणात साधारणपणे वीस झाडांमध्ये एकच वेगळं निघालेलं खपतं. दुसरं निघालं तर एकसारखेपणाची अट गेली.

कायद्याचं दोन ओळींत सांगतो. आपल्याकडे पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ आहे. त्यात नवेपणा, वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थैर्य पाहतात, आणि नोंदणी फक्त राजपत्रात अधिसूचित केलेल्या पिकांची होते. म्हणून आधी ही नोंदणी करणाऱ्या दिल्लीच्या प्राधिकरणाच्या यादीत पेटुनिया आहे का ते बघ. देशात पहिली विक्री होऊन वर्ष उलटलं की नवेपणा संपतो, तेव्हा ओळखीच्या नर्सरीला 'बघा कसं जातंय' म्हणून दोन ट्रे विकायचे नाहीत. बाजारातला नोंदलेला वाण पालक म्हणून वापरायला कायदा मोकळीक देतो, पण तुझ्या वाणाचं बी दर वर्षी त्याच्याशी संकर करूनच मिळणार असेल तर मालकाची परवानगी लागते. नाव नुसत्या आकड्यांचं किंवा लॅटिन ठेवू नकोस, आणि 'सुगंधी' म्हणशील तर फुलाला संध्याकाळी खरंच वास येतो ना, हे पाहा.

कड मोजायला सुरुवात केलीस की मार्चअखेरचे आकडे पाठव. पुढचं पाऊल काड्यांचं की संकराचं, हे त्यावर ठरवू. तोवर निम्म्या काड्या दुसऱ्या कुणाच्या तरी शेडनेटमध्ये, लेबल लावून ठेव.