मोड ‘एम’वर, तरी सेटिंग बदलतं! : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळच्या बहुतेक प्रश्नांत तक्रार एकच आहे : ‘कॅमेरा आपोआप सेटिंग बदलतो.’ म्हणून आधी एक काम करा. बिघडलेला फोटो आणि त्याच्या आधीचा चांगला फोटो कॅमेऱ्यावर उघडा. इन्फो बटण दाबून शटर (उजेड किती वेळ आत येतो), ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सूचना) हे चार आकडे दोन्ही फोटोंसाठी कागदावर लिहून घ्या. जो आकडा बदलला असेल, तिथून शोध सुरू करा. चारही तेच असतील, तर कॅमेऱ्यावरचा संशय काढा आणि प्रकाशाकडे बघा.

प्रश्न : मी लग्नाचे फोटो काढतो. मोड एम, शटर १/१२५, ॲपर्चर पूर्ण उघडं. तरी एकाच कार्यालयात, एकाच स्टेजवर एक फोटो उजळ तर दुसरा काळपट येतो. लेन्स किटमधली १८-५५ आहे. (जुळे सोलापूर)

यात तीन कारणं एकात एक मिसळलेली असू शकतात.

पहिलं कारण ऑटो आयएसओ. एम मोडमध्ये शटर आणि ॲपर्चर तुमच्या हातात येतं, पण आयएसओ ऑटोवर असेल तर उजेडाचा निर्णय अजून कॅमेराच घेतो. नवरदेवाचा काळा कोट चौकटीत आला की तो आयएसओ वाढवतो, पांढरा पडदा आला की उतरवतो. निकॉनच्या दोन डायलच्या बहुतेक बॉड्यांमध्ये आयएसओ बटण दाबून पुढचा डायल फिरला की ऑटो आयएसओ चालू-बंद होतं, आणि घाईत नेमकं तेच घडतं. व्ह्यूफाइंडरमध्ये ‘आयएसओ ऑटो’ दिसतंय का बघा. कॅननवर आयएसओच्या जागी ‘ऑटो’ किंवा नुसता ‘ए’ दिसतो.

दुसरं कारण तुमची लेन्स. तिच्यावर ३.५-५.६ असं छापलेलं असेल. १८ मिमीला ३.५ मिळतं; ५५ पर्यंत झूम केलं की लेन्स ५.६ वर जाते, म्हणजे सव्वा स्टॉपहून थोडा जास्तच उजेड कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). ऑटो आयएसओ बंद असेल तर ही घट थेट फोटोत दिसते. उपाय सोपा आहे : सुरुवातीलाच ॲपर्चर ५.६ वर ठेवा आणि त्या हिशेबाने आयएसओ बसवा. मग झूम कितीही करा, आकडा हलणार नाही.

तिसरं कारण फ्लॅश. तो टीटीएलवर, म्हणजे ऑटोवर, असेल तर प्रत्येक फोटोला उजेड नव्याने मोजतो, त्यामुळे पांढऱ्या शालूला वेगळा आणि गडद शेरवानीला वेगळा फ्लॅश पडतो. स्टेजपासूनचं अंतर कायम असेल तर फ्लॅश मॅन्युअलवर घ्या, १/१६ जोरापासून सुरुवात करून वर-खाली करा. अक्षता पडताना धडाधड फोटो घेतले की मधलेच दोन-तीन काळे येतात, तो सेटिंगचा दोष नाही. फ्लॅश पुन्हा भरायच्या आत बटण दाबलं गेलं, एवढंच. सेल जुने झाले की हा वेळ वाढतो. आणि फ्लॅश लावल्यावर १/५०० चं शटर आपोआप १/२०० किंवा १/२५० वर येत असेल तर ती सिंक मर्यादा आहे, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारा सर्वात जलद शटर. त्यापुढे जायचं असेल तर हाय स्पीड सिंक चालू करा, पण फ्लॅशचा जोर बराच कमी होईल हे धरून चाला.

प्रश्न : टॉवेल कारखान्यात यंत्रमागाचे फोटो घेतले, शटर १/५००. आकडे सगळे तेच, तरी एक फोटो पिवळट, एक हिरवट, काहींत आडवे पट्टे. (अक्कलकोट रोड)

कॅमेऱ्याने काही बदललेलं नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. एक फेरी १/१०० सेकंदाची. १/५०० ने तुम्ही तिचा पाचवा हिस्साच उचलता. कधी उजळ, कधी मंद. ट्यूबचा रंगही त्या फेरीत बदलतो, म्हणून व्हाइट बॅलन्स (दिव्याप्रमाणे रंग जुळवणारं सेटिंग) पक्का केला तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही.

शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. सायलेंट मोड (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर) बंद करून मेकॅनिकल शटर वापरा, पट्टे बरेच कमी होतात. चालता माग फोटोत थांबल्यासारखा दाखवायचाच असेल तर कॅमेऱ्यात अँटी फ्लिकर आहे का बघा. तो दिव्याच्या उजळ क्षणी शटर सोडतो, मात्र सलग फोटो घेण्याचा (बर्स्टचा) वेग थोडा घटतो. शिवाय ऑटो व्हाइट बॅलन्स सोडा आणि त्याच दिव्याखाली पांढऱ्या कागदावर कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या. आमच्या मते मागाचा धोटा १/५० ला थोडा पुसट आलेलाच बरा दिसतो.

प्रश्न : गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांचे फोटो काढताना दर तीन फोटोंत एक ठीक, एक काळा, एक पांढराफटक. मग सगळेच उजळ येऊ लागले. (बाळीवेस)

तीनाचा हिशेब बसतोय म्हणजे ब्रॅकेटिंग चालू आहे : कॅमेरा ओळीने एक ठीक, एक गडद, एक उजळ फोटो घेतो. निकॉनवर बीकेटी बटण दाबून मागचा डायल ‘०एफ’ येईपर्यंत फिरवा. कॅननवर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन आणि एईबीच्या (ब्रॅकेटिंगच्या) मेनूत तीन खुणा पसरलेल्या दिसतील, त्या एका जागी आणा. सोनीवर ड्राइव्ह मोड बघा.

नंतर सगळे उजळ आले ते कॉम्पेन्सेशनमुळे. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी चौकटभर असले की मीटर फसतो आणि फोटो काळवंडतो, म्हणून +०.७ ते +१ देणं बरोबरच आहे. फक्त कॅमेरा बंद केल्याने ते सहसा शून्यावर येत नाही. यात्रेच्या होम मैदानावर पोचलात की आधी ते शून्य करा.

निकॉनवर हिरव्या ठिपक्यांची दोन बटणं दोन सेकंदांहून जास्त दाबली की बरंच काही मूळ जागी येतं. पण काही मॉडेलांत रॉ (मूळ कच्ची फाइल) जाऊन जेपेगही होतं. कार्यक्रमाच्या मध्यावर हा उपाय करू नका.

प्रश्न : सी१ वर सगळं बसवलं होतं. पाच मिनिटांनी पाहिलं तर आयएसओ पुन्हा जुनाच. (होटगी रोड)

सी१ म्हणजे डायलवरची स्वतःची सेटिंग साठवायची जागा. तिथे नोंदवलेलं कायम राहतं, नंतर केलेला बदल नाही. ऑटो पॉवर ऑफ झालं किंवा डायल फिरला की कॅनन मूळ नोंदीवर जातो. कस्टम शूटिंग मोडच्या मेनूत ऑटो अपडेट चालू करा. निकॉनच्या तशाच यू१-यू२ ला बदल पुन्हा जतन करावा लागतो.

प्रश्न : डोळा व्ह्यूफाइंडरला लावला की फोकसचा चौकोन कोपऱ्यात पळतो. (विजापूर रोड)

नाक. टच अँड ड्रॅग (स्क्रीनवर बोट ओढून फोकसचा चौकोन हलवायची सोय) चालू आहे, आणि डाव्या डोळ्याने बघत असाल तर नाक बरोबर स्क्रीनवर टेकतं. ते बंद करा किंवा त्याचं क्षेत्र नाक टेकत नाही तेवढ्या भागापुरतं ठेवा.

प्रश्न : नान्नजच्या माळावर काळविटांचे फोटो घेताना १५०-६०० लेन्स अचानक जवळचं फोकस करेना. (मार्डी)

लेन्सच्या कडेचा फोकस लिमिटर (फोकसचं अंतर मर्यादित करणारा स्विच) पिशवीतून काढताना सरकला असेल. तो ‘फुल’वर घ्या. शेजारचा एएफ-एमएफ (ऑटो की हाताने फोकस) स्विचही तपासा. निघण्यापूर्वी दोन्हींवर कापडी गॅफर टेप लावा. साधी सेलोटेप उन्हात चिकट होऊन बसते.

प्रश्न : डायल एक टिचकी फिरवला की शटर कधी दोन घरं पुढे, कधी उलटं मागे जातं. (एमआयडीसी)

आजच्या प्रश्नांत हा एकच खरा बिघाड. खात्री अशी करा : एम मोड, सेटिंग एक-तृतीयांश स्टॉपवर, शटर १/६०. डायल सावकाश फिरवत १/५०० वर जा. बरोबर नऊ टिचक्या व्हायला हव्यात. पुन्हा पुन्हा करून आकडा चुकत असेल किंवा शटर मागे येत असेल, तर डायलखालच्या एन्कोडरमध्ये (टिचक्या मोजणाऱ्या भागात) धूळ गेली आहे किंवा त्याचे संपर्क झिजले आहेत. उन्हाळ्यात आपल्याकडची माती कुठेही शिरते.

कॅमेरा बंद करून रबरी ब्लोअरने डायलच्या फटीत हवा मारा आणि डायल दोन्ही दिशांना चाळीस-पन्नास वेळा फिरवा. कधी तेवढ्याने सुटतो. गंज काढायचा स्प्रे किंवा तेल मात्र आत सोडू नका, ते आतल्या इतर भागांपर्यंत पोचू शकतं. फरक पडला नाही तर डायल बदलून घ्या. तोवर कस्टम मेनूतून शटर दुसऱ्या डायलवर द्या. एकच डायल असेल तर टचस्क्रीनवरून शटर बदला.