कार्ड संपतंय, अर्ज पडून आहे. लेकीनं कामावर जावं का?

प्रश्न : ताई, मी उदगीरचा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. लेक आणि जावई टेक्सासात डॅलसजवळ राहतात. जावई एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, लेक एच-फोर या त्याच्या बायकोसाठीच्या व्हिसावर. तिच्याकडे काम करायचं कार्ड आहे. एका खासगी लॅबमध्ये रक्ततपासणीचं काम करते. कार्डाची मुदत २७ फेब्रुवारीला संपते. आधी पासपोर्ट नवा करून घेण्यात सप्टेंबर-ऑक्टोबर गेले, म्हणून कार्डाचा अर्ज ११ नोव्हेंबरला गेला. पावती आली, कार्ड नाही. तिच्या नांदेडच्या मैत्रिणीनं सप्टेंबरात अर्ज केला, तर तिला म्हणे ५४० दिवस आपोआप वाढवून मिळाले. आमच्या लेकीला एक दिवसही नाही. जावयाचा कागदही त्याच दिवशी संपतो, तरी तो कामावर जाणार. हे कसं काय? लॅबचे मालक म्हणतात, ‘येत राहा, तास मी लिहून ठेवतो, कार्ड आलं की पगार एकदम देतो.’ यंदाच्या अतिवृष्टीत आमचं सोयाबीन पाण्यात गेलं. धाकटा लातूरला नीटच्या क्लासला आहे, त्याची फी आणि खोलीचं भाडं लेकच भरते. दोन-चार महिन्यांचाच प्रश्न आहे आणि मालक भला माणूस आहे. तिनं जावं का?

उत्तर : गुरुजी, जाऊ नये. २७ तारखेला, शुक्रवारी, संध्याकाळी तिनं एप्रन काढून ठेवावा आणि नवं कार्ड मंजूर होईपर्यंत परत घालू नये. एक दिवस नाही, अर्धा दिवस नाही.

मैत्रिणीचं आधी सांगते, कारण तुमच्या मनात कुणीतरी फसवल्याची शंका दिसते. तसं काही नाही, फरक तारखेचा आहे. एच-फोरवरच्या बायकांना काम करायची परवानगी मिळायला लागली २६ मे २०१५ पासून, तीही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा प्रवास एका टप्प्यापर्यंत पोचला असेल तरच. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला तर जुनं कार्ड आपोआप पुढे चालू राहील, ही सवलत एच-फोरवाल्यांना २०२१ च्या नोव्हेंबरात कोर्टातल्या तडजोडीनं मिळाली. आधी ती १८० दिवसांची होती, मग ५४० झाली. ३० ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्यानं नियम काढला की त्या दिवशी किंवा त्यानंतर दाखल होणाऱ्या अर्जांना ही आपोआप वाढ नाही. आधी दाखल झालेल्यांची सवलत शाबूत राहिली. तुमच्या लेकीचं बारा-तेरा दिवसांनी हुकलं. मला वाचताना वाईट वाटलं, कारण ते दिवस पासपोर्टात गेले.

मैत्रिणीलाही एक निरोप द्या. तिचे ५४० दिवस खरे, पण एच-फोरवालीला ते तिच्या आय-९४ च्या तारखेपर्यंतच वापरता येतात. आय-९४ म्हणजे देशात किती दिवस राहायची परवानगी आहे त्याची नोंद. ती ऑनलाइन पाहता येते. ती तारीख आधी आली तर काम तिथंच थांबतं.

जावयाचं असं की, एच-वन-बी वाल्यासाठी त्याच कंपनीनं मुदतीच्या आत वाढीचा अर्ज केला असेल, तर जुनी मुदत संपल्यावर २४० दिवसांपर्यंत त्याच कंपनीत काम करता येतं. ही सोय थेट नोकरीला बांधलेल्या व्हिसाची आहे. बायकोची परवानगी त्या कार्डावर असते, कार्ड संपलं की तीही संपते. तिचा राहण्याचा मुदतवाढीचा अर्ज वेळेत गेला असेल तर ती तिथं राहू शकते, कुणी तिला घालवून देणार नाही. राहणं आणि काम करणं या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, आणि आपल्या घरांमध्ये गोंधळ होतो तो इथंच. जावयाचं काम कामकाजाच्या पंधरा दिवसांत करून देणारी जादा फीची सोय आहे, तिच्या कार्डाला ती सोय नाही. म्हणून ‘त्याचं झालं, तिचंही होईल’ या हिशेबावर बसू नका.

आता त्या भल्या मालकाचं. इथं मला माझं सांगायला हवं. हा रकाना लिहायला बसण्याआधी मी न्यू जर्सीत एका छोट्या हिशेबनिसांच्या फर्ममध्ये पगारपत्रकं करायचे. २०१९ ला माझं एच-फोरचं कार्ड संपलं आणि नवं आलं नाही. तेव्हा आपोआप वाढ नव्हतीच. आमच्या साहेबांनी अगदी असंच सांगितलं : घरूनच बघत जा, पैशांचं मागाहून बघू. महिनाअखेर होती, पगार अडतील अशी भीती मलाच जास्त. मी लॅपटॉप उघडला. अडीच दिवस. नंतर मोजले तेव्हा एकोणीस ईमेल निघाले, त्यातले चार तर नुसते ‘मिळालं, धन्यवाद’ एवढेच. तिसऱ्या दिवशी दुपारी मीच बंद केला, कारण पोटात गोळा राहत होता.

वर्षभरानं, ऑक्टोबर २०२० मध्ये, ग्रीन कार्डाच्या रांगेत आमची तारीख लागली आणि आम्ही अर्ज भरायला बसलो. त्या फॉर्मात एक प्रश्न आहे : तुम्ही अमेरिकेत कधी परवानगीविना काम केलं आहे का? ‘कधी’ हा शब्द आहे तिथं. किती दिवस, किती ईमेल, पैसे मिळाले का, असं पुढे विचारत नाहीत. आधी हो की नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कुकरची तिसरी शिट्टी होत असताना, मी ‘हो’ वर खूण केली. नवरा एक शब्द बोलला नाही. मग वकिलांनी ते एकोणीस ईमेल छापून मागितले, खुलासा लिहून घेतला, आणि पुढचे कित्येक महिने पोस्टमन आला की माझा हात थरथरायचा. नोकरीच्या वाटेनं मिळणाऱ्या ग्रीन कार्डात एकूण १८० दिवसांपर्यंतची अशी चूक पोटात घेणारं कलम आहे, त्यानं मला हात दिला. तुमच्या लेकीलाही कुणीतरी हे कलम सांगेल. पण ते चूक झालेल्याला वाचवण्यासाठी आहे, ठरवून चूक करणाऱ्यानं त्यावर भिस्त ठेवू नये. शिवाय ग्रीन कार्डाच्या आधी तिला एच-फोरची मुदतवाढ मिळवायचीय, आणि तिथं परवानगीविना केलेलं काम आडवं येऊ शकतं.

पगार मागाहून घेतला म्हणून कायद्याच्या नजरेत ते काम नाहीसं होत नाही. तास लिहून ठेवले की तो पुरावाच झाला. आणि ‘फुकट करते, सेवा म्हणून’ हेही चालत नाही. काल ज्या खुर्चीत पगारावर बसत होती त्याच खुर्चीत तेच काम फुकट करणं ही सेवा धरत नाहीत. मालकाचंही नुकसान आहे. तिथं प्रत्येक नोकरदाराचा आय-९ नावाचा फॉर्म मालकाकडे असतो. कार्डाची मुदत संपायच्या दिवसापर्यंत त्यानं नवा पुरावा पाहून त्यात नोंद करायची असते. नूतनीकरणाच्या अर्जाची तिची पावती त्या जागी चालणार नाही. कार्ड हरवलं, चोरीला गेलं किंवा खराब झालं, तर दुसऱ्या प्रतीच्या अर्जाची पावती ९० दिवस चालते, आणि लोक ती गोष्ट इथं चिकटवतात. कुणी म्हणेल, सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे तिथल्या सरकारी क्रमांकाचं, कार्ड दाखव. तिला म्हणावं, ते कार्ड काढून एकदा नीट वाच. निळसर कागदावर नावाच्या वर एक ओळ छापलेली असते, गृहसुरक्षा खात्याची परवानगी असेल तरच कामासाठी ग्राह्य, अशा अर्थाची. ती ओळ असलेलं कार्ड आय-९ ला चालत नाही.

उलट बाजूनंही लोक घाबरवतात, तेही सांगते. ड्रायव्हिंग लायसन्सची किंवा ओळखपत्राची मुदत संपली म्हणून कुणाची नोकरी जात नाही. नोकरीला लागताना ते चालू असावं लागतं. एकदा नोंद झाली की मालकानं ते पुन्हा मागायचं नसतं. मात्र एच-फोरवालीचं लायसन्स बहुतेक वेळा आय-९४ च्या तारखेलाच संपतं, आणि डॅलसमध्ये गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही. तेव्हा फेब्रुवारी उजाडताच मुदतवाढीची पावती घेऊन तिनं लायसन्सच्या कचेरीत विचारून यावं. तिथल्या तिथं विमानानं जायचं तर आपला भारतीय पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालतो.

ती लॅबमध्ये आहे, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट. आरोग्यसेवेतल्या माणसाचं कार्ड संपायला ३० दिवस किंवा कमी राहिले असतील, तर अर्ज लवकर निकाली काढायची विनंती करता येते. तिच्या बाबतीत तो दिवस २८ जानेवारी. मालकाला खरंच मदत करायची असेल तर तास लिहिण्यापेक्षा लेटरहेडवर एक पत्र द्यावं : ही आमच्याकडे अमुक काम करते, तिच्यावाचून तपासण्या अडतात. विनंती मानलीच जाईल असं नाही, पण करायला फी नाही. तिच्या भागातल्या काँग्रेस सदस्याच्या, म्हणजे तिथल्या खासदाराच्या, कचेरीतही अर्ज द्यावा. अडकलेल्या फायलींची चौकशी करणं हे त्या कचेऱ्यांचं रोजचं काम आहे, आणि त्यासाठी मतदार असावं लागत नाही.

बिनपगारी रजेचं मालकाकडून लेखी घ्यावं, म्हणजे जागा राहते. आरोग्यविमा लॅबकडून असेल तर तो बंद होण्याच्या दिवसापासून ३० दिवसांच्या आत जावयाच्या कंपनीच्या विम्यात नाव घालून घ्यावं. हे विसरलं तर एका तापाच्या दवाखान्यात धाकट्याची वर्षाची फी जाईल. रिकाम्या दिवसांत शिकायला एच-फोरला वेगळी परवानगी लागत नाही, एखादा कोर्स करून टाकावा. आणि ‘तोवर इकडं येऊन राहा’ असं कृपा करून म्हणू नका. मुदतवाढीचा अर्ज पडून असताना देश सोडला तर तो अर्ज सोडून दिल्याचं धरलं जाऊ शकतं. परत जायला व्हिसाचा शिक्का लागेल, आणि एच-वन-बी, एच-फोरवाल्यांच्या समाजमाध्यमांची तपासणी डिसेंबर २०२५ पासून सुरू झाल्यावर इथल्या मुलाखतींच्या तारखा कित्येक महिने पुढे गेल्यात.

पासपोर्टाचं म्हणाल, तर आपला पासपोर्ट मुदतीच्या वर्षभर आधीपासून नवा करता येतो. विमानतळावरचा अधिकारी पुष्कळदा आय-९४ पासपोर्टाच्या तारखेपर्यंतच देतो, मग व्हिसावर पुढची तारीख असो. पासपोर्टामुळे आय-९४ आखूड होतो, आय-९४ मुळे काम. आणि कार्डाचा अर्ज मुदतीच्या १८० दिवस आधी करता येतो, म्हणजे तिला ऑगस्टअखेरीस करता आला असता. तिला हे बोलून दाखवू नका, तिला माहीत आहे. पुढच्या वेळी जावयाच्या आणि तिच्या, दोघांच्या पासपोर्टांच्या तारखा तुमच्या वहीत लिहून ठेवा आणि वर्षभर आधी तुम्हीच फोन करा. शिक्षकाला हे काम जमतं.

शेवटी फीचं. गुरुजी, तुमचं पत्र दोनदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न तिनं तुम्हाला विचारलेला नाही, तुम्ही मला विचारलाय. ती कदाचित आधीच थांबायचं ठरवून बसली असेल आणि तुम्हाला सांगायला धजत नसेल. माझी आई जालन्याहून रोज फोन करायची आणि रोज विचारायची, ‘आलं का गं कार्ड?’ प्रेमानंच विचारायची, पण मी फोन उचलायचं टाळायला लागले होते. तुम्ही क्लासवाल्यांकडे जाऊन हप्ते पाडून घ्या. पीक गेलंय हे लातूरमध्ये कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. मग लेकीला फोन करून सांगा की फेब्रुवारीपासूनची सोय झाली आहे.

प्रश्न : परभणीहून लिहिते. मुलगा इंग्लंडमध्ये शिकून तिथंच नोकरी करतो. व्हिसाची मुदत गेल्या महिन्यात संपली, त्याआधी चार दिवस त्यानं नव्या व्हिसाचा अर्ज केला. निकाल नाही. मॅनेजर म्हणतो कार्ड दाखव नाहीतर घरी बस. अमेरिकेतल्या भाच्याचं म्हणणं, अर्ज पडून असताना काम करणं गुन्हा आहे. मार्चमध्ये पुतणीचं लग्न आहे, तोवर बोलावून घेऊ का?

उत्तर : वहिनी, भाच्यानं अमेरिकेचा नियम इंग्लंडला लावला. इंग्लंडमध्ये मुदत संपायच्या आत अर्ज केला असेल, तर निकाल लागेपर्यंत जुन्या व्हिसाच्या अटी तशाच चालू राहतात, कामाची परवानगीसुद्धा. तुमच्या मुलानं चार दिवस आधी केला, तेवढं पुरे. प्लास्टिकची कार्डं तर २०२४ च्या शेवटी बंदच झाली. आता सगळं ऑनलाइन नोंदीवर आहे. मॅनेजरला भांडत बसू नये. तिथल्या गृहखात्याची मालकांसाठी तपासणीची सेवा आहे, तिथं कंपनीनं मुलाच्या अर्जाचा तपशील देऊन विचारायचं. होकाराचं लेखी उत्तर आलं की सहा महिने कंपनी निर्धास्त, आणि अर्ज तरीही पडून असेल तर पुन्हा विचारायचं. तोवर अर्ज भरल्याचा पुरावा आणि अर्जाचा क्रमांक त्यानं ईमेलनं मॅनेजरला पाठवून ठेवावा.

लग्नाला मात्र बोलावू नका. निकालाआधी देशाबाहेर पडला तर अर्ज मागे घेतल्यासारखा होतो. लग्न मोबाइलवर दाखवा, आणि त्याच्या वाटणीचा आहेर तुम्हीच करा.