सिंगापूरहून रात्रीचे विमान असेल, तर सहलीचा शेवटचा दिवस कसा घालवावा?

आपण विचारले आहे की, आई-वडिलांसह सिंगापूरहून मुंबईला परतताना विमान रात्री नऊच्या सुमारास असेल आणि खोली सकाळी अकराला सोडावी लागणार असेल, तर मधला वेळ सेंटोसा हे सहलीचे बेट पाहण्यात घालवावा का. माझ्या मते घालवू नये. आम्ही चौघे दादरहून गेलो होतो, तेव्हा नेमके हेच केले. सेंटोसा दक्षिणेला, चांगी विमानतळ पूर्वेच्या टोकाला आणि बॅगा मधेच हॉटेलवर, त्यामुळे ओले कपडे पिशवीत कोंबून उलटसुलट धावपळ झाली आणि विमानात बसेपर्यंत सासूबाईंचे पाय सुजले होते.

पुढच्या खेपेस आम्ही बॅगा हॉटेलच्या स्वागतकक्षात ठेवून बोटॅनिक गार्डन्समध्ये गेलो. ही बाग 1859 मधली असून 2015 पासून जागतिक वारसा स्थळांच्या यादीत आहे. प्रवेशशुल्क नाही, केवळ ऑर्किडच्या बागेला तिकीट आहे आणि ते काढण्यासारखे आहे. जुन्या वृक्षांखाली बसल्यावर मुंबईकराला राणीची बाग आठवतेच. ज्येष्ठांना दोन तास निवांत बसता येईल, असे दुसरे ठिकाण मला तेथे आढळले नाही.

विमानतळावर मात्र लवकर जावे, कारण खरेदीवरील कराचा परतावा तेथेच मागावा लागतो. सध्या वस्तू व सेवा कर 9 टक्के आहे आणि योजनेत सहभागी असलेल्या दुकानातून किमान 100 सिंगापूर डॉलरची खरेदी केलेली असावी लागते; खरेदीच्या वेळी पासपोर्ट दाखवलेला असला पाहिजे. वस्तू मोठ्या बॅगेत जाणार असतील, तर बॅग विमान कंपनीच्या स्वाधीन करण्यापूर्वीच विमानतळावरील कर-परताव्याच्या यंत्रावर नोंद करावी, कारण अधिकारी वस्तू पाहण्यास मागू शकतात. आम्ही आधी बॅगा दिल्या आणि परताव्यावर पाणी सोडले. त्याच दिवशी काया जॅमची बरणीही गेली. नारळाचे दूध, अंडी, साखर आणि केवड्याच्या कुळातील पांदान पान यांचा हा जॅम दाट असला, तरी सुरक्षा तपासणीत तो द्रवपदार्थांत मोडतो आणि हातातल्या पिशवीत 100 मिलिलिटरपेक्षा मोठी बरणी चालत नाही.

उरलेला वेळ ज्वेलमध्ये काढावा. टर्मिनल 1 ला लागून असलेल्या या इमारतीत 40 मीटर उंचीचा धबधबा आहे. ती पासपोर्ट तपासणीच्या अलीकडे असल्यामुळे आत शिरण्यापूर्वीच पाहावी. सुटी नाणी तेथेच कॉफीवर खर्चावीत. मुंबईत चलन बदलून देणारे नोटा घेतात, नाणी घेत नाहीत.

सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असल्याने सुमारे साडेपाच तासांचा प्रवास करूनही आपण सहारला मध्यरात्रीच्या आसपास उतराल. सामान हाती येईपर्यंत शेवटची लोकल गेलेली असेल, म्हणून गाडीची सोय निघण्यापूर्वीच करून ठेवावी.